रक्तातली धाव

गेल्या महिन्यात गुडघे दाखवायला गेले, तर नंदुरबारच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या लोकांचे गुडघे असे नसतात हो." पस्तिशीतला नम्र मुलगा. मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या लोकांच्या गुडघ्यांनी मला लहानपणीच वाळीत टाकलंय." तो हसला, मीही हसले, गोळ्या घेतल्या आणि रिक्षात बसले. रिक्षा मिरचीबाजारावरून निघाली तेव्हा ठसका लागला, डोळ्यांना धार लागली, आणि त्या धारेत कितीतरी वर्षांनी मला देवरे सर दिसले. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि माझ्या पोटऱ्यांकडे अशी नजर, जशी बैलबाजारात गिऱ्हाईकाची असते. फरक एवढाच की गिऱ्हाईक खोट काढतं आणि सर कौतुक करत.

आमचा पाडा तळोद्याच्या वर, सातपुड्याच्या घड्यांमध्ये. पाडा म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं असं डोळ्यांपुढे आणू नका. एका टेकाडावर एक घर, दुसऱ्या टेकाडावर दुसरं, मधे नाला. शेजारणीकडे मीठ मागायचं तर आधी हाक मारायची आणि हाकेला उत्तर आलं तरच उतरायचं, नाहीतर चढण फुकट. घर कुडाचं, शेणाने लिंपलेलं. पहाटे जातं सुरू झालं की कूड थरथरायचा आणि त्याला पाठ टेकून झोपलेली मी अर्धवट झोपेत थरथरायचे. मक्याची भाकर, उडदाची डाळ, पावसाळ्यात रानातली भाजी. उन्हाळ्यात आमचूर. तो वास अजून माझ्या बोटांत आहे. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, खडकावर पसरायच्या, आणि दिवसभर माकडांना हाकलायचं. सगळा पाडा आंबट व्हायचा. माणसं एकमेकांशी बोलतानाही डोळा बारीक करून बोलायची. वाळलं की बा आणि काका डोक्यावर गाठोडी घेऊन खाली बाजाराला जायचे. हे सगळं बोलणं अर्थातच भिलीत व्हायचं. इथे मी बाला मराठी बोलायला लावणार आहे. ते ऐकलं असतं तर तो म्हणाला असता, हा कोण माणूस आहे, चांगलं बोलतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे मोठी माणसं पळत नसत. चालत; आणि फार चालत. तळोद्यापर्यंत जाऊन परत येणं म्हणजे काही विशेष केलं असं कोणाला वाटायचं नाही. पण पळायचं ते एकाच कामासाठी. कोणी मेलं की निरोप्या पळत निघायचा, टेकाडामागून टेकाड, सगळ्या सोयऱ्यांना सांगत. म्हणून वाटेने कोणी पळत येताना दिसलं की हातातलं काम खाली ठेवायचं, डोक्यावरचं ओझं उतरवायचं, वाटेत आडवं उभं राहायचं आणि विचारायचं, "कोण?" आणि ज्याला विचारलं त्याने थांबून नाव सांगायचं. न सांगता पुढे गेला तर त्याच्यासारखा हलकट नाही. माझ्या बाला मी पळताना कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते एकदाच, आणि त्याला कारण मीच होते. मी आणि देवरे सर.

पायथ्याच्या बाजारगावात आमची निवासी शाळा होती. आम्ही डोंगरातली मुलं तिथे राहून शिकायचो. गावातली मुलं घरून यायची. माझी चुलतबहीण दिवाली माझ्याच वर्गात. दिवाळीत जन्मली म्हणून दिवाली. आमच्याकडे नावं ठेवायला पंचांग लागत नाही. दिवाली पळायची म्हणजे डोळ्याला नीट दिसायची नाही. आणि मी? माझ्या काकूने एकदा नाल्याकाठच्या दगडावर माझा ओला पाय उमटलेला पाहिला आणि म्हणाली, "हा पाय आहे की भाकर थापलीय?" तळव्याला खोलगा म्हणून नाहीच. दहा पावलं पळाले की पायांचा फटफट असा आवाज यायचा, आणि मागून बाजारातला भटू, किराणा दुकानवाल्याचा मुलगा, ओरडायचा, "काय वं जमनी, वाघ मांगे लागना का?"

हा वाघ भटूचा नव्हता. वाघ देवरे सरांनी आणला होता. सर नव्याने आले होते, विज्ञान आणि खेळ दोन्ही शिकवायचे. त्यांनी वर्गात एक तक्ता लावला: डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा कमी वाकलेलं, मग आणखी कमी, आणि उजव्या टोकाला ताठ माणूस, गोरा, सरळ नाकाचा, हातात भाला असूनही एखाद्या साहेबासारखा. सर छडीने एकेक दाखवत गेले. मग त्यांनी तो सिद्धांत सांगितला, जो मी आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. "हजारो वर्षं हे लोक डोंगरात राहिले. मागे वाघ. जे पळाले ते वाचले, जे पळाले नाहीत त्यांना वाघाने खाल्लं. उरले ते सगळे पळणारे. त्यांची मुलं म्हणजे ही. धाव यांच्या रक्तात आहे." आम्ही आपापल्या हातांवरच्या शिरांकडे पाहिलं. अभिमानच वाटला. कोणी आमच्या पूर्वजांबद्दल इतकं बोललंच नव्हतं. मग सर म्हणाले, "खाली मैदानात माणसाला पळायचं काम उरलं नाही, त्याला डोकं चालवावं लागलं. हिशेब, व्यापार, कागद. म्हणून तिथे डोकं वाढलं. निसर्ग कोणालाच रिकामं ठेवत नाही. एकाला पाय, एकाला डोकं." आणि छडी तक्त्यावर शेवटच्या दोन आकृत्यांच्या मधे येऊन टेकली. "आपली डोंगरातली मंडळी इथे कुठेतरी. वाटेवर आहेत. पोचतील."

मी हात वर केला. हे धाडस नव्हतं. मला खरोखर अडचण होती. "सर, मला पळता येत नाही. मग माझ्या पूर्वजांना वाघाने का नाही खाल्लं?" वर्ग हसला. भटू म्हणाला, "कडू लागनं व्हई." सर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, "येतं जमुना, तुला पळता येतं. आळस आहे, तो जाईल."

आज मी गणित शिकवते, आणि शेजारच्या वर्गात उत्क्रांती शिकवणाऱ्या बाई माझ्या मैत्रीण आहेत. त्यांच्याकडून चार पुस्तकं आणून वाचली. मूळ विचारात या असल्या पायऱ्या नाहीत, कोणी वर नाही, कोणी वाटेवर नाही. आणि साधी गोष्ट, वाघ काय फक्त आमच्याच पूर्वजांमागे होता? तेव्हा देवरे सरांचे पूर्वज कुठे होते, एसटीत? पण हे आत्ता सुचतं. सर स्वतः चांगले काळेसावळे, आमच्यासारखेच. तक्त्यावरच्या त्या गोऱ्या माणसापाशी छडी नेताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, हेही मला आत्ता आठवतं. मधल्या पायरीवर उभ्या माणसाला खालची पायरी फार लागते, पायाखाली काहीतरी आहे हे पाहायला.

वाईट माणूस असता तर सोपं होतं. पण सरांनी आम्हाला केळी आणली. उकडलेली अंडी सुरू केली. दिवालीच्या पायात काटा मोडला तर स्वतः मांडी घालून बसले आणि सुईने काढला. त्याआधीच्या सरांना आमची नावंसुद्धा येत नव्हती. हे सर प्रत्येकाला नावाने हाक मारत, आणि हाक मारून पोटऱ्या बघत.

आणि मग एके दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी वाचून दाखवलं की यंदा नववीत गणिताचे दोन वर्ग होतील. एक बीजगणित-भूमितीचा, एक सामान्य गणिताचा. सामान्य गणितात कोण, तर डोंगरातली सगळी मुलं, एकही न वगळता. देवरे सरांच्या सांगण्यावरून. आता दुपारीही आम्हाला पळायचं होतं, मग डोक्यावर उगाच ओझं कशाला. मुलं खूश झाली. सामान्य गणित सोपं असतं. सामान्य गणित घेतलेल्याला पुढे विज्ञानाचं दार बंद, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण भटूच्या थोरल्या भावाचं दुसऱ्या शाळेत तसं झालं होतं, आणि भटूच्या घरी त्यावरून रोज भांडण होई.

माझं नेमकं काय चाललं होतं ते सांगते. भटूचं बीजगणिताचं पुस्तक त्याच्यापेक्षा माझ्याकडे जास्त असायचं. "हाई पुस्तक तूच ठेव. मन्हं डोकं दुखस," असं म्हणून त्याने ते माझ्या अंगावर टाकलं होतं. मी त्याची उदाहरणं सोडवायचे. पळण्यात मी रोज शेवटची, भाषेत माझे 'ण' आणि 'न' भांडायचे, दिसायला म्हणाल तर ते सोडाच. पण क्ष कुठेतरी लपलाय आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी एकेक झुडूप हटवत शोधतेय, यात मला कोणी हरवू शकत नव्हतं. मला तो वर्ग हवा होता. इतकं मला आयुष्यात दुसरं काही हवं असल्याचं आठवत नाही. नवऱ्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

मी सरांकडे गेले. सर मैदानात चुन्याने रेषा मारत होते. "सर, मला बीजगणितात घ्या." "का?" "मला येतं." सरांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. "जमुना, पाठांतर म्हणजे येणं नाही. आज बरं वाटेल, उद्या झेपणार नाही, मग तू शाळा सोडशील. मी किती पाहिलीत तुझ्यासारखी. निसर्गाच्या विरुद्ध गेलं की माणूस मोडतो." इतक्या काळजीने बोलत होते की मला स्वतःचीच काळजी वाटायला लागली. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येतायत. आपल्याला धावण्याचं केंद्र मिळायचंय. तेवढं होऊ दे. सगळे आईबाप पण बोलावलेत. त्यांच्यापुढे निकाल लागेल, कोण कशासाठी जन्मलंय त्याचा."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. पहाटे शिट्टी व्हायची आणि मी पळता पळता मनात हिशेब मांडायचे. आमच्यातला कोणी पहिला आला तर सिद्धांत खरा, मग सगळ्यांचं गणित गेलं. कोणी आलाच नाही तर आम्ही आळशी, मग अंडी, केळी, सरांनी कबूल केलेले बूट आणि त्यांची माया गेली, आणि गणित तर आधीच गेलेलं. कुठूनही मांडलं तरी उत्तर एकच. असलं समीकरण पुस्तकात नव्हतं. दिवालीला मी सगळं समजावलं. ती बुटांचं चित्र बघत होती. सरांनी तिला पुस्तकातलं कापून दिलं होतं. "मला बूट हवेत," ती म्हणाली. "आणि मी काही वाघामुळे पळत नाही. आमच्या बकऱ्या हलकट आहेत म्हणून पळते. पण सर खूश होतात तर वाघ तर वाघ."

शर्यतीच्या सकाळी आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून वर जंगलखात्याच्या नाक्यापाशी नेलं, डोंगरातली आणि बाजारातली सगळी मुलं. तिथून उताराच्या रस्त्याने खाली शाळेच्या मैदानापर्यंत पळायचं. मैदानात मांडव, खुर्च्या, साहेब. आईबाप आपापल्या पाड्यांवरून पायवाटांनी उतरून मधे नाल्यापाशी रस्त्याला लागणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा अर्थ काय होईल, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. शिट्टी झाली आणि मुलं निघाली. पहिल्याच वळणावर माझ्यापुढे फक्त धूळ उरली.

नाल्याच्या वरच्या वळणावर मी पोचले तेव्हा खालचं सगळं दिसत होतं. आमच्या पाड्यांची माणसं पाणी प्यायला बसलेली. धुतलेले फेटे, बायकांच्या डोक्यावर भाकरीची गाठोडी. आणि वरून, डोंगराच्या बाजूने, त्यांचीच लेकरं जिवाच्या आकांताने पळत येत होती. मी वरून पाहिलं, सगळी माणसं एकदम उठली. ओझी खाली. मग त्यांच्यातला एक जण सुटला आणि चढाने, मुलांच्या दिशेने, फेटा सुटलेला, हात पसरलेले, पळत यायला लागला. तो बा होता. बा वाईट पळत होता. पाय फटफट आपटत. माझा पाय कुठून आला ते मला त्या क्षणी कळलं. पण हसू आलं नाही. कारण बाचा चेहरा दिसायच्या अंतरावर आला आणि त्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, की यांच्यातली एक पळत नाहीये, आणि ती माझी आहे.

सगळ्यांत पुढे भटू आणि दिवाली होते. बाने दिवालीच्या दोन्ही दंडांना धरलं. "कोण?" दिवाली थांबली. थांबणारच. तिच्यामागून आमची एकेक मुलं येऊन थांबली, कोणाला मामाने धरलं, कोणाला आईने. "कोण? कोण गेलं? जमनी कुठाय?" बायकांनी नाव कळायच्या आतच रडायला सुरुवात केली होती, एकदा सूर लागला की नाव नंतर घालता येतं. बाजारातली मुलं बाजूने निघून गेली. त्यांना कोणी अडवलं नाही, ती काय सोयरी नव्हती. दिवाली दम खात सांगत होती, "कोणी नाही मेलं. आम्ही उगाच पळतोय." "उगाच?" काका म्हणाला. "उगाच कोण पळतं?" "सरांनी सांगितलं." "सर मेले?"

मी पोचेपर्यंत रडणं हसण्यावर आलं होतं. बाने मला पाहिलं, एकदा डोक्यावरून हात फिरवला, आणि फेटा बांधायला घेतला. मुलं रस्त्याकडेला बसली होती आणि भाकरी सोडत होती. इतक्या दिवसांनी आईच्या हातचं. शर्यत कोणाला आठवतेय? "बस," बा म्हणाला. आणि मी बसणारच होते. पण समोर पाहिलं तर रस्ता रिकामा. माझ्यापुढे आमच्यातलं कोणीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवटची नव्हते. मला मोह झाला. इतकंच कारण. आत्तापर्यंत मी माझ्या शहाणपणाबद्दल जे काही सांगितलं त्यातलं निम्मं इथे वजा करा. मी पळत सुटले.

मैदानात शिरले तेव्हा बाजारातली मुलं केव्हाची येऊन लोळत पडली होती. सर रस्त्याकडे मान ताणून उभे, चेहरा पांढराफटक. आणि धुळीतून डोंगरातलं म्हणून कोण उगवलं, तर मी. सर धावत आले, त्यांनी माझा हात धरून वर केला. "ही बघा, साहेब. हिला सराव नाही, हिला आवड नाही, ही सगळ्यांत मागे असायची. पण वेळ आली तेव्हा? रक्त."

साहेबांनी चष्मा लावला, खाली वाकले आणि माझी पोटरी दोन बोटांनी दाबून पाहिली. "हं. घट्ट आहे."

भटू उठून उभा राहिला. "मी पयला उनू ना सर. मग मन्हं काय?"

"तुझा सराव आहे रे," सर म्हणाले. "तू खातोपितोस चांगलं. हिचं जन्मजात आहे." भटू तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच बाजूला होतो, तो जिंकूनही आणि मी हरूनही. साहेब सोबत आणलेल्या सेक्रेटरीला सांगत होते, ही मुलगी घ्या, हिला आत्तापासून शहरातल्या केंद्रावर पाठवा, बाकीची पुढच्या खेपेला. "शाळा?" सेक्रेटरीने विचारलं. "तिथे होईल काहीतरी," साहेब म्हणाले. "सामान्य काहीतरी."

तेव्हा आमची माणसं येऊन पोचली, भाकरी खाऊन तृप्त झालेली मुलं घेऊन. बाला खुर्ची दिली गेली. तो खुर्चीत बसला नाही, खुर्चीशेजारी बसला. सरांनी त्याला सांगितलं की तुमच्या मुलीचं नशीब उघडलं, रोज दूध, रोज अंडी, कपडे, सगळं फुकट. बाने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते वाईट वाटलं नाही, हे मी बघत होते. घरात त्या वर्षी मका कमी होता. तो "हो" म्हणायला तोंड उघडत होता.

"मी शेवटची होते," मी म्हणाले. आवाज माझाच आला का याची मला खात्री नाही. "सगळे नाल्यावर थांबले. भाकरी खात होते. मी नाही थांबले, म्हणून."

साहेब हसले. "नम्र पण आहे."

"मला परत पळवा. आत्ता. सगळ्यांबरोबर."

सर म्हणाले, "दमलीयेस." साहेब म्हणाले, "पळवा की, बघू तरी." मैदानाला एक फेरी. रेषेवर उभी राहिले तेव्हा मला नीट कळत होतं की मला हरायचंय, आणि मुद्दाम हरले तर ते ओळखतील. मुद्दाम हरलेल्याला आणखी पळवतात. म्हणून खरंच पळायचं होतं, असेल नसेल तेवढं सगळं घालून, आणि माझ्या पायांवर विश्वास ठेवायचा होता की ते मला दगा देतील. पायांवर इतका विश्वास मी पुन्हा कधी ठेवला नाही. शिट्टी झाली. मी दात ओठ खाऊन पळाले. दिवाली उडत गेली, भटू गेला, धाकटी मुलं गेली, भाकरीने पोट टम्म झालेली मुलं ढेकर देत गेली. मी फटफट, फटफट. अर्ध्या फेरीत कुशीत कळ आली. सगळे पोचून मागे वळून बघायला लागले तरी मी पळतच होते, आणि त्या शांततेत फक्त माझे पाय वाजत होते. रेषेवर पोचले आणि सकाळची दोन्ही केळी सरांच्या पांढऱ्या पँटवर ओकले.

"मुद्दाम करते," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "यांचं असंच असतं. संधी दिली की पाठ फिरवतात."

मी सरांकडे पाहिलं. ओकारी पुसायची सोडून ते माझ्याकडे बघत होते. रोज पहाटे, महिनोन्‌महिने, त्यांनी मला अशीच पळताना पाहिली होती. मी आळशी आहे असं ते म्हणत आले होते, पण पाहिलं तर होतं. त्यांच्या मागे त्यांचा मांडव होता, केंद्र होतं, तक्ता होता. मग ते खाली बघून म्हणाले, "नाही साहेब. मुद्दाम नाही. ती अशीच पळते."

देवरे सरांचं हे एकच वाक्य मी विज्ञान म्हणून मानते.

पण साहेबांना तेवढ्याने भागणार नव्हतं. "मग तुमच्या सिद्धांताचं काय?" सरांनी श्वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "नियमाला अपवाद असतोच, साहेब. उलट अपवाद आहे म्हणजे नियम आहे." त्यांनी दिवालीला पुढे ओढलं. "हा बघा नियम." दिवालीने पोटरी पुढे केली. तिला बूट मिळाले, एक माप मोठे, पुढे कापूस भरून घालायचे. आणि सोमवारी मला बीजगणिताच्या वर्गात बसायला सांगितलं. माझ्या नावापुढे कोणी काही लिहिलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं मी कोण म्हणून तिथे आहे. बाजारातल्या मुलांमध्ये एका बाकावर एकटी. डोंगरातलं दुसरं कोणीही त्या वर्गात आलं नाही. त्यांचं कोणी काही तपासलंच नव्हतं. ते पळत होते ना.

मग मी जन्मभर अपवादच राहिले. कॉलेजात, नोकरीत, भाड्याचं घर बघायला गेले तिथे. "तुम्ही तशा वाटत नाही हो," हे वाक्य मी इतक्या प्रेमळ माणसांकडून ऐकलंय की त्याला उत्तर म्हणून मी नुसती हसते. माझ्या हसण्याचे गोडवे गातात नंदुरबारात. बा शेवटपर्यंत त्या दिवसाची गोष्ट सांगायचा, त्याच्या परीने: एकदा आमच्या जमनीला एका माणसाने पळवायचं ठरवलं, तिने त्याची पँट खराब केली आणि सुटली.

दिवाली जिल्ह्यात पळाली, विभागात पळाली, एका वर्षी घोटा मुरगळला आणि नियमातून बाहेर पडली. सामान्य गणिताच्या दहावीवर जे होतं ते झालं. लग्न, ऊसतोडीला गुजरात, परत पाडा. आता तिची नात त्याच शाळेत नववीला आहे. या उन्हाळ्यात मी वर गेले होते, कैऱ्या चिरायला बसलो होतो दोघी, तेव्हा शाळेतून कुणाचा तरी फोन आला. दिवालीने तो स्पीकरवर टाकला, विळीवरचा हात न थांबवता. तरुण, उत्साही आवाज. "आजी, मुलगी फार छान पळते. जीन्समध्येच आहे तुमच्या. तिला आपण सोप्या विषयांना ठेवू, म्हणजे ताण नको." दिवाली म्हणाली, "घरी विचारून सांगते," आणि फोन बंद केला. घरी विचारायला ती आणि मीच होतो.

तिने हातातली कैरी चिरून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "जमनी, ते तुझं काय होतं गं? त्या वर्गातलं. ज्याच्यासाठी तू ओकलीस."

इतकी वर्षं गणित शिकवतेय मी, आणि तिने विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात बाचा जुना ताजवा लटकत होता. म्हटलं, "समज, एका पारड्यात आमचुराच्या दोन सारख्या पिशव्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर तीन किलोचं वजन. दुसऱ्या पारड्यात अकरा किलो. काटा मधे आहे. एका पिशवीत किती?"

दिवालीने विळीवरून मान वर केली नाही. "तीन दोन्हीकडून काढ. राहिले आठ. एकीत चार."

"हो."

"आणि?"

"आणि काही नाही. तेच."

तिने माझ्याकडे पाहिलं. "एवढंच होतं?"

मी मान हलवली. बाहेर खडकावर माकडं उतरली होती. कोणी उठलं नाही. दिवालीने पुढची कैरी उचलली, नातीला हाक मारून शेजारी बसवलं आणि विळी तिच्याकडे न देता स्वतःकडेच ठेवली.

"आता अवघड घाल," ती मला म्हणाली.